टिपलेलं कुंकू

होळकर-शिंद्यांची संस्थानं मिळून मध्य भारत झाल्यानंतरची ती पहिली दिवाळी. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रामबागेतल्या आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्या आणि अंगण महिना सतरा रुपयांनी भाड्यानं दिलं. हजर माणसं तीन: मी, माझी बायको आणि ते. दलाल नव्हता, त्यामुळे दलाली नाही.

मी वीस सांगितले होते. भाडेकरू आधी नळ बघतो, मग संडास बघतो. हे गृहस्थ खोलीच्या मधोमध उकिडवे बसले, बोटाच्या पेरानं फरशी वाजवली आणि मान वर करून विचारलं, "खाली काय आहे?"

मला वाटलं तळघराबद्दल विचारताहेत. म्हटलं, तळघर नाही.

"तसं नाही हो. फरशीच्या खाली काय आहे? मुरूम की काळी माती?"

काळीच असणार, माळवा आहे, मी म्हणालो. ते नाराज झाले. पावसाळ्यात ही जमीन फुगणार, उन्हाळ्यात भेगाळणार, आणि त्यांचं काम हलत्या जमिनीवर होत नाही. मग मी त्यांना अंगणातला बुजवलेल्या विहिरीचा दगडी ओटा दाखवला. त्यावर चढून त्यांनी टाचा आपटून पाहिल्या. चेहरा एकदम उजळला. म्हणाले, या दगडाचे वीस द्यायला तयार आहे, खोल्यांचे मात्र चौदाच. वीस आणि चौदा चौतीस, त्याचे निम्मे सतरा. असं ते भाडं ठरलं. बायको आत जाऊन हसली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं; हिशेब बरोबर होता.

ते इंदूरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. उंच, किंचित वाकलेले, लग्न केलेलं नाही. हाताची बोटं टोकाला काळी, जणू रोज शाईच्या दौतीत बुडवतात. तो डाग सिल्व्हर नायट्रेटचा होता, साबणानं जात नसे. नव्या माणसाला वाटे, प्रोफेसर अस्वच्छ आहेत. प्रत्यक्षात त्यांच्याइतका हातांना जपणारा माणूस मी पाहिला नाही. चहाचा पेला ते कडेनं धरत. चष्मा काड्यांना धरून उचलत. हस्तांदोलन टाळत, दुरून नमस्कार करत. बोटानं काहीही शिवायचं नाही, हा त्यांचा सोवळ्याओवळ्याचा एकच नियम. देवाधर्माचं त्यांना वावडं होतं असं नाही, पण त्या बाजूला ते फिरकत नसत.

त्यांच्या आयुष्याचा विषय मला समजला तो असा. धातूचा अतिशय पातळ थर, म्हणजे आपल्या मिठाईवरच्या वरखाहूनही कितीतरी पट पातळ, कशावर तरी चढवला, तर तो कसा वाढतो? सगळीकडे सारखा वाढतो का? त्यांचं म्हणणं, नाही. थर कसा होणार हे चांदी ठरवत नाही, खालचा पृष्ठभाग ठरवतो. खाली रेघ असेल तर चांदी आधी रेघेला बिलगते. खाली खड्डा असेल तर खड्ड्यात जमते. रेघ आपल्या डोळ्याला दिसत नसली तरी चांदीला दिसते.

म्हणून कुठलीही गोष्ट सांगितली की त्यांचा प्रश्न ठरलेला: खाली काय आहे? सकाळी कोपऱ्यावर पोहे-जलेबी घ्यायला गेले की जलेबीवाल्याला कढईबद्दल हाच प्रश्न. तो वैतागून म्हणायचा, "भिया, नीचे भट्टी है, और क्या होगा." गल्लीत त्यांचं नावच 'नीचे-क्या-है मास्टर' पडलं. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही असावं.

आमच्या हिशेब खात्यात त्या वर्षी होळकरी माणसं आणि शिंदेशाही माणसं एका टेबलाशी आणून बसवली होती. राजधानीसुद्धा वाटून घेतलेली, हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर. एकाच खर्चाची नोंद करण्याच्या दोन रीती, दोघांनाही आपली शास्त्रशुद्ध वाटे. मी संध्याकाळी अंगणात बसून ही कटकट सांगितली की ते शांतपणे ऐकत.

"मालक," मला ते मालकच म्हणत, त्यात थोडी थट्टा होती, "मध्य भारत हा वरचा थर आहे. परवा चढवलेला. तो जुन्या रेघांवरच बसणार. रेघा दिसेनाशा व्हायला थर जाड व्हावा लागतो."

"किती जाड?"

"ते कळलं असतं तर मी शिकवत बसलो असतो का? मंत्री झालो असतो."

आमच्या थोरल्याची मुंज झाली तेव्हाची गोष्ट. मांडवात सतरंज्या घातल्या होत्या. पाहुणे येऊ लागले. हे लवकर आले आणि मांडवाच्या दारात खांबासारखे उभे राहिले. दोनदा मी म्हटलं, बसा. म्हणाले, बघतोय. माझ्या सासऱ्यांना ते विचित्र वाटलं. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, हा माणूस मुलीबिली बघतोय की काय. मी जाऊन स्पष्टच विचारलं.

तेव्हा त्यांनी मला दाखवलं. पहिला आलेला माणूस सतरंजीच्या मधोमध बसत नाही. तो खांब बघतो, भिंत बघतो, टेकायला काहीतरी बघतो. दुसरा येतो तो पहिल्याच्या ओळखीचा असला तर त्याच्याजवळ बसतो. मग त्यांच्याभोवती आणखी. असे पाच-सहा घोळके होतात, मधे सतरंजी रिकामी. घोळके वाढत वाढत एकमेकांना भिडतात आणि सगळ्यात शेवटी मधल्या जागा भरतात. "काचेवर चांदी अशीच बसते," ते हलक्या आवाजात म्हणाले, जणू मंत्र चालू आहेत आणि बोलायचं नाही. खरं तर मंत्र चालूच होते.

थोड्या वेळानं पंगत मांडली. पाट, रांगोळी, पानं. लोक आले आणि आपोआप रांगेत बसले. कोणाला सांगावं लागलं नाही.

"आणि हे अभ्रक. अभ्रकाचा पापुद्रा ताजा सोडवला की त्याच्यावर पाट मांडलेलेच असतात. तीच चांदी, तीच रीत, पण रांगेत बसते. बघा, माणसं तीच आहेत ना? खाली काय आहे त्यावर आहे सगळं."

मी चाळीशी ओलांडलेला माणूस. शेकडो पंगती जेवलो आणि दोन-तीनशे माणसांचा खर्च आणा-पैशासकट मांडला. पण माणसं बसतात कशी हे त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. अजूनही कुठल्याही कार्यात मी लवकर जातो आणि दारात उभा राहतो.

त्यांच्या कॉलेजात एक खोली होती, तिला सगळे चांदीखोली म्हणत. तिथे एक पंप, काचेची एक भली मोठी हंडी आणि कायम अमोनियाचा वास. पंप त्यांनी स्वतः निरनिराळ्या सामानातून जुळवला होता. हंडीतली हवा काढून घ्यायची, आत तारेवर ठेवलेला चांदीचा मणी तापवायचा. मणी वितळतो, त्याची वाफ होते आणि वाफ समोरच्या काचेवर जाऊन बसते. मला एकदा नेऊन दाखवलं. मणी नाहीसा झाला. काचेवर आधी काहीच नव्हतं, मग फिकट पिवळी छटा आली, मग जांभळट, आणि मग एकाएकी तिथे माझा चेहरा होता. मी मागे सरकलो. ते हसले नाहीत. म्हणाले, मीसुद्धा दर वेळी सरकतो.

तसाच एक अर्धवट थराचा काचेचा तुकडा त्यांनी माझ्या बायकोला दिला होता. एका सकाळी सूर्य वर आल्यावर तिला अंगणात बोलावलं आणि म्हणाले, वहिनी, यातून बघा. ती बराच वेळ बघत राहिली. हात पिठाचे होते, तुकडा तिनं त्यांच्यासारखा कडेनं धरला होता.

"सर, सूर्य निळा कसा हो?"

"सूर्य निळा नाही. चांदी जेवढं सोडते तेवढं निळं आहे."

तिनं मला बोलावलं. मी पाहिलं. खरोखर निळा होता, गोकर्णाच्या फुलासारखा, आणि शांत. घरातल्या डब्यापासून देव्हाऱ्यातल्या निरांजनापर्यंत आम्ही चांदी आयुष्यभर पाहत आलो. वजनानं घेतली, चिंचेनं घासली. तिच्यातून आरपार दिसतं हे कोणी सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून बायको त्यांना मानू लागली. गल्लीत कोणी 'नीचे-क्या-है' म्हटलं की तिला राग यायचा.

आता पिंपाविषयी. त्या दगडी ओट्यावर त्यांनी वाळूनं भरलेलं एक पिंप ठेवलं. पिंपावर काचेची जाड तबकडी घट्ट बसवली आणि तिच्यावर दुसरी तबकडी ठेवून मधे कुरुंदाची पूड आणि पाणी घालून घासायला सुरुवात केली. काही वेळ पुढे-मागे घासायचं, मग एक पाऊल बाजूला सरकायचं, पुन्हा घासायचं. असं पिंपाभोवती फिरत राहायचं. वरची काच हळूहळू आतून खोलगट होत जाते. ती दुर्बिणीचा आरसा व्हायची होती. कॉलेज सुटल्यावर रोज हे चाले, सुट्टीच्या दिवशी सकाळपासून. दोन पावसाळे गेले. पूड बारीक होत गेली, शेवटी पॉलिशला भाकरीच्या पिठाहून मऊ अशी तांबडी भुकटी आणि डांबराची गादी.

शेजारच्या बायकांना वाटलं, मास्तर प्रदक्षिणा घालतात. हातोद गावाहून येणारा दूधवाला रोज कुंपणापाशी सायकल थांबवून बघायचा. एकदा त्यानं नवसाचं विचारलंच, "मास्टर साब, कई मन्नत मानी हे?" ते न थांबता म्हणाले, "हां भिया. पूरी नी हो री." तो हात जोडून गेला, आणि त्या दिवसापासून दूध चांगलं घालू लागला.

हे सगळं सांगण्याचं कारण एवढंच की माझ्या बायकोनं दोन वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती प्रदक्षिणा पाहिली होती. पुढे जे झालं ते त्यातून झालं.

तिसऱ्या वर्षी भादव्यात ग्वाल्हेरहून हुकूम आला. दोन्हीकडच्या कॉलेजांतली यंत्रं एकत्र करायची होती. चांदीखोलीतला पंप, हंडी आणि बाकीचं सामान ग्वाल्हेरला हलवायचं, असा विचार होता. शिक्षण खात्याचे एक मोठे अधिकारी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी इंदुरात येणार होते. इंदूरच्या खोलीतून एक निर्दोष आरसा त्यांच्यासमोर तयार होऊन निघाला, तर शाळा-कॉलेजांचे आरसे करण्याचं काम इथेच राहील आणि खोलीही राहील. नाही निघाला, तर पेट्या भरायच्या.

ते बाकी कशाला घाबरत नसत, पण त्या महिन्यात त्यांचं जेवण कमी झालं. इंदूर सोडणं त्यांना झेपणारं नव्हतं. त्याहून, ती खोली म्हणजे त्यांचे हातपाय होते. मी धीर दिला. काच तर झाली होती. मी ती उजेडात धरून पाहिली होती, अर्थात कडेनं. तिच्यात दोष शोधणं माझ्या डोळ्यांचं काम नव्हतं.

अधिकारी येणार म्हणून कॉलेजात चुना मारायला काढला. सगळीकडे चुन्याची धूळ. म्हणून काच शेवटची धुवायला त्यांनी घरी आणली. नायट्रिक ॲसिडनं धुतली, डिस्टिल्ड पाण्यानं धुतली, मग तोंडाजवळ आणून फुंकर घातली. फुंकरेची वाफ काचेवर एकसारखी बसली आणि एकसारखी उडाली की काच स्वच्छ. कुठे तेलकट बोट लागलं असेल तर वाफ तिथे वेगळी बसते आणि चुगली करते. वाफ एकसारखी उडाली. ते समाधानानं म्हणाले, आता हिच्यावर श्वाससुद्धा टाकायचा नाही. आणखी एकदा पाण्यानं धुऊन त्यांनी काच खोलीत लाकडी तिकाटण्यावर ठेवली, वर काचेचं झाकण घातलं. चांदी चढवायच्या आधी पुन्हा फुंकर घालायची नाही, हाही त्यांचाच नियम. श्वासातूनही काहीतरी बसतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्या घरात या दिवशी सगळी हत्यारं पाटावर मांडून पूजा होते. आजोबांची तलवार, विळी, अडकित्ता, माझा टाक आणि पट्टी. बायकोनं त्यांना विचारलं होतं, सर, आपलं काही ठेवू का पूजेला. ते चुना कुठवर आला ते बघायला कॉलेजात निघाले होते. जाता जाता म्हणाले, हवं ते घ्या. ती त्यांच्या खोलीतून एक पकड आणि एक पेचकस घेऊन आली. पूजा झाली. मी दिवाणखान्यात होतो. एवढंच मला माहीत होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा काढून त्यांच्याबरोबर टांग्यात बसलो. काच त्यांच्या मांडीवर, माझ्या मांडीवर बाटल्या. चांदीखोली पांढरीशुभ्र झाली होती. अधिकारी वेळेवर आले. वयस्क, ग्वाल्हेरी फेटा, बोलणं सौम्य. एवढी काच हंडीत मावत नसे, म्हणून चांदी पाण्यातून चढवायची होती. काच एका पसरट काचपात्रावर पालथी टांगली होती, खोलगट बाजू खाली. पाठीमागून, म्हणजे वरून, काचेतून आरपार सगळं दिसत होतं. प्रोफेसरांनी तोंडावर रुमाल बांधला आणि दोन द्रावणं एकत्र ओतली.

पाणी आधी स्वच्छ होतं, मग फिकं तपकिरी झालं. आम्ही वाकून बघत होतो. काचेवर अजून काही नव्हतं. आणि मग तिथे पाच ठिपके उमटले. एक मधोमध, चार बाजूंना चार. बाकी काच कोरी असताना फक्त तेवढेच पाच, जुन्या कांद्याच्या टरफलासारखे पिवळट, मग काळपट, मग चकचकीत. त्यांच्या कडेनं चांदी पसरू लागली, बाकीची काच भरली. दहा मिनिटांत सगळा आरसा झाला. पण ते पाच ठिपके गेले नाहीत. आधी आले होते ते मागे राहिले. बाकी थर तुकतुकीत, आणि हे पाच दुधाळ, खरखरीत, साखरेच्या दाण्यासारखे. काच बाहेर काढली, धुतली, उलटी केली.

"प्रोफेसर साहेब, हे काय?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

त्यांना ऐकू गेलं नाही. डोळ्याला भिंग लावून ते एकेक ठिपका बघत होते. बऱ्याच वेळानं, कोणाला उद्देशून नाही, ते म्हणाले, "खाली काय होतं?"

मला ठाऊक होतं. एक मधोमध आणि चार बाजूंना चार. लग्न झाल्यापासून दर खंडेनवमीला मी ते ठिपके तलवारीवर, पट्टीवर, पाटावर पाहत आलोय. अनामिकेनं लावलेले, एका मापाचे. मी म्हणालो, "हळदकुंकू."

अधिकारी हसले, पण वाईट हसले नाहीत. माणूस समजूतदार होता. म्हणाले, हरकत नाही, थर ॲसिडनं उतरवून टाका, उद्या नवीन चढवा. मी परवाच्या गाडीपर्यंत इथेच आहे, बघूनच जाईन. यापेक्षा जास्त कोण काय करणार? मी सुटकेचा श्वास टाकला. प्रोफेसरांनी आरसा रुमालात गुंडाळला आणि टांगा बोलवायला सांगितला.

घरी बायको दारातच होती. आमच्या चेहऱ्यांवरून काहीतरी बिनसलंय हे तिला कळलं. त्यांनी आरसा टेबलावर ठेवला आणि तिला बोलावलं. तिनं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. काही लपवलं नाही. म्हणाली, पकड, पेचकस ठेवलं पूजेला, आणि ज्याच्यासाठी एवढ्या प्रदक्षिणा केल्या तेच सोडलं तर कसं वाटेल, म्हणून झाकण काढून पाच बोटं लावली. लगेच काढलीसुद्धा. कापूस घेतला, बाटलीतलं त्यांचंच पाणी घेतलं. कणभर ठेवलं नव्हतं.

"पुसलंत?" त्यांनी विचारलं.

"पुसलं म्हणू नका, सर." ती एकदम म्हणाली. "कुंकू आहे नं. सवाष्णीनं कुंकू पुसायचं नसतं. टिपून घेतलं."

"टिपून म्हणजे?"

तिनं बोटं जुळवून हवेत दाखवलं. वरून दाबायचं, उचलायचं. घासायचं नाही.

ते खुर्चीवर बसले. मी त्यांना इतकी वर्षं पाहत होतो, असा चेहरा पाहिला नव्हता. म्हणाले, "टिपलं. म्हणून गोल आहेत. पुसलं असतं तर सगळ्या काचेवर फासलं असतं, आरसा नुसता अंधुक झाला असता आणि मी पाण्याला दोष दिला असता. मालक, ऐकलं का? कुंकू गेलं. मला दिसलं नाही, यांना दिसलं नाही. आणि ते जिथं होतं तिथं चांदी आधी आली. बरोब्बर तेवढ्याच जागेवर."

"पण का?" मी विचारलं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. हे त्यांनी फार आनंदानं सांगितलं. नंतर म्हणाले, हळदीचं तेल असेल, कुंकवातला चुना असेल, कापसानं पडलेल्या रेघा असतील. वीस वर्षं मी वर्गात सांगतोय की पृष्ठभाग विसरत नाही. पाहिलं आज.

मी व्यवहाराचं बोललो. परवापर्यंत वेळ आहे, ॲसिड आहे, सिल्व्हर नायट्रेट आहे. आज उतरवा, उद्या चढवा, खोली वाचेल. बायको तर रडायला आली होती. "सर, धुऊन टाका हो. माझ्यामुळे तुम्हाला ग्वाल्हेर नको."

"वहिनी, तुम्ही हे पुन्हा कराल? अगदी असंच? तेवढंच कुंकू, तेवढंच दाबून?"

तिनं विचार केला. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "नाही सर. त्या दिवशी ते पूजेचं होतं. आता मुद्दाम केलं तर हात वेगळा पडणार."

"मग हे कसं धुऊ?"

तरी त्यांनी प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी खिडकीच्या काचेचे तुकडे धुऊन तिच्याकडून ठिपके लावून घेतले, टिपून घेतले, चांदी चढवली. कुठे डाग आले, कुठे काहीच आलं नाही. खिडकीची काच ती खिडकीची काच. दोन वर्षं घासलेला पृष्ठभाग एकच होता. संध्याकाळी मी शेवटचं सांगून पाहिलं. आरसा काय, पुन्हा होईल. खोली पुन्हा होणार नाही. ते म्हणाले, उलट आहे, मालक. खोल्या ग्वाल्हेरलाही असतात.

अधिकारी त्या गाडीनं गेले. जाताना ते घरी येऊन आरसा पाहून गेले, त्यांनाही थोडं वाईट वाटलं असावं. कार्तिकात हुकूम आला. पंपाबरोबर प्रोफेसरांनाही ग्वाल्हेरला जागा होती. निघेपर्यंतचे सगळे दिवस ते भिंग लावून त्या पाच ठिपक्यांवर वाकलेले असत. मधूनमधून बायकोला बोलावून दाखवत, आणि ती हातातलं काम टाकून जात असे. मीही जायचो. त्या खरखरीत दाण्यांत काय आहे ते मला समजलं असं मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट नक्की: माझ्या घरात, माझ्या बायकोच्या अनामिकेखाली घडलेली ती गोष्ट मोठी होती, आणि ती मोठी आहे हे ओळखायला एका माणसानं आपली खोली देऊन टाकली होती.

ते महिन्याच्या मध्यावर निघाले. टांगा दारात होता, पेट्या आधीच स्टेशनवर गेल्या होत्या, आरसा त्यांच्या काखेत. बायकोनं त्यांच्या तळहातावर दही घातलं. काळ्या बोटांच्या ओंजळीत ते फार पांढरं दिसलं. त्यांनी मला पूर्ण महिन्याचे सतरा रुपये दिले. मी पंधरा दिवसांचे साडेआठ ठेवून साडेआठ परत केले. त्यांनी वाद घातला नाही. परत आलेल्या पैशांतून एक रुपया आणि एक पावली त्यांनी वेगळी काढली आणि बायकोसमोर धरली.

"हे कशाचे, सर?"

"दक्षिणा."

"मी काय भटजी आहे?"

"पूजा तुम्ही केलीत. यजमान मी होतो, मला कळलं नव्हतं इतकंच. दक्षिणा राहिली होती."

ती माझ्याकडे बघू लागली. मी मान हलवली. तिनं हात पुढे केला, आणि त्यांनी दोन्ही नाणी, कडेनं धरून, तिच्या तळहातावर ठेवली. भाडं साडेआठ रुपये, मला. सव्वा रुपया, हिला.